कामाचा ताण आणि सिगालोवाद सुत्तातील पाच कर्तव्ये

कामाचा ताण वाढला की कर्मचाऱ्याला ध्यान करण्याचा सल्ला मिळतो. ध्यान उपयोगी आहेच. पण तथागतांनी सगळी जबाबदारी काम करणाऱ्यावर टाकलेली नाही, हे आम्ही येथे नोंदवू इच्छितो.

दीघ निकायातील ३१वे सुत्त म्हणजे सिगालोवाद सुत्त. राजगृहात सिगाल या गृहपतीपुत्राला केलेल्या या उपदेशात मालकाची पाच कर्तव्ये येतात:

१. ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून देणे
२. भोजन व वेतन देणे
३. आजारपणात काळजी घेणे
४. काही विशेष गोडधोड असल्यास वाटून खाणे
५. वेळेवर सुट्टी देणे

कामगारानेही काम चोख करावे, असे पुढे सांगितले आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ झाले. विश्रांती हा उपकार नसून हक्क ठरला.

आज टीम सांभाळणाऱ्यांनी नवे काम देण्याआधी हातातले काम विचारावे, आजारी सहकाऱ्याला कामासाठी फोन करू नये, यशाचे श्रेय वाटावे, रजेसाठी उलटतपासणी घेऊ नये.

आपल्या अनेक घरांतील पहिलीच पिढी कार्यालयात पोहोचली आहे. ‘जमत नाही’ म्हटले तर नालायक ठरू, या भीतीने ही मुले-मुली गप्प राहतात. म्हणून विचारपूस वरिष्ठांनीच आधी करावी.