फ्रेंच ब्रायर पाईप : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

फ्रान्सच्या जुरा पर्वतातील सें-क्लोद हे गाव पाईपसाठी प्रसिद्ध झाले, त्याआधी ते जपमाळांचे गाव होते. संत क्लोद यांच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तेथील कातारी लाकडी जपमाळा व धार्मिक वस्तू तयार करीत. १७९४ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, संताचा जतन केलेला देह जाळण्यात आला. यात्रेचे वैभव ओसरले. हातातील कसब मात्र राहिले. ते तपकिरीच्या डब्यांकडे आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रायरच्या पाईपकडे वळले.

प्रस्तुत लेखात चमत्कारिक घडणीच्या जुन्या फ्रेंच पाईपांचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला आहे.

ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाची मुळाशी वाढणारी गाठ. ती कापून कित्येक तास उकळत व नंतर महिनोन्‌महिने वाळवीत. उष्णतेस दाद न देणारे हे लाकूड कोरीवकामासही सोयीचे ठरले. तत्पूर्वी जिवे येथील गांबिए कारखान्याचे मातीचे मुखवटावजा पाईप लोकप्रिय होते. मुंडासेधारी, दाढीवाला ‘जाकोब’ हा त्यांतील विशेष गाजलेला. मातीत एका साच्यातून असंख्य चेहरे निघत. लाकडात मात्र झुआव्ह सैनिक, कुत्रा वा कवटी कोरायची, तर हाताने कोरावी लागे. काहींना काचेचे डोळेही बसविलेले आढळतात.

संग्राहकाचे लक्ष अर्थातच अशा चेहऱ्याकडे जाते. परंतु कालनिर्णयासाठी चेहरा फारसा उपयोगी नाही, कारण लोकप्रिय विषय पुन्हापुन्हा कोरले जात. खरा पुरावा सांध्यापाशी असतो. चांदीच्या कड्यावर रानडुकराच्या मस्तकाचा सूक्ष्म छाप असल्यास ती चांदी १८३८ ते १९६२ या काळात पॅरिस येथे तपासली गेली, असे म्हणता येते. शिंगाची नळी पाहून पाईप एकोणिसाव्या शतकातील ठरविणे मात्र धोक्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली, तेव्हा एबोनाइटऐवजी शिंग पुन्हा वापरात आले होते.

छापाचा अभावही बोलका असू शकतो. मेत्झ येथील ब्युत्झ-शोकँ या पेढीचा १८५८ चा मूळ नमुना सपाट बुडाचा असून त्याची वक्र नळी अल्बट्रॉस पक्ष्याच्या हाडाची व चांदीच्या कड्यांनी सजविलेली होती. १८७१ ते १९१८ या काळात मेत्झ जर्मन साम्राज्यात होते. त्यामुळे तेथे त्या वर्षांत घडलेल्या कड्यावर फ्रेंच तपासणीचा छाप नसणे हे बनावटपणाचे लक्षण मानता येत नाही. पेढी १९५१ साली सें-क्लोदला आली, हेही येथे ध्यानात ठेवावे लागते.

कोरणाऱ्याचे नाव बहुधा कोठेच नसते. दांडीवर असलाच तर पेढीचा शिक्का, आणि पाईप नव्यासारखा दिसावा म्हणून चालणाऱ्या घासकामात प्रथम तोच झिजतो. चाकूच्या धारेच्या ज्या बारीक खुणांवरून एकाच हाताची दोन कामे ओळखता आली असती, त्याही त्यात जातात. किडीने खाल्लेली शिंगाची नळी काढून नवी बसविली जाते. तिला दांडीशी जोडणारा हाडाचा आटा कचऱ्यात पडतो. विक्रीच्या यादीत त्या पाईपला ‘उत्तम स्थितीतील’ म्हटले जाते.