'मुंबई स्पेशल' नावाची शिवी आणि घड्याळांचं लायसन्स राज

जुनी घड्याळं जमवणाऱ्या परदेशी मंडळींत 'मुंबई स्पेशल' हा शब्द शिवीसारखा वापरतात. म्हणजे आत जुनं स्विस मशीन, वर नव्याने रंगवलेली भडक तबकडी. मी पाणबुड्यांची आणि प्रवासाची जुनी घड्याळं जमवतो, त्यामुळे ही शिवी मलाही ऐकावी लागते. पण असा माल मुंबईतच का तयार झाला, ते कुणी सांगत नाही.

फेवर लुबाचंच घ्या. कंपनी स्वित्झर्लंडची, 1737 सालची, पण एकोणिसाव्या शतकातच मुंबईत आली आणि इथलीच होऊन गेली. सी-चीफ, सी-किंग ही नावं आजोबांच्या पिढीला घरची वाटायची. याच कंपनीने 1962 मध्ये गिर्यारोहकांसाठी उंची दाखवणारं बिव्हॉक काढलं आणि 1968 मध्ये बाथी. बाथी म्हणजे कमाल! पाण्याचा दाब आतल्या पातळ पडद्यावर पडतो, आणि किती खोल गेलात ते काटा दाखवतो. बॅटरी नाही, काही नाही. हात न लागलेलं बाथी बघायला मिळणं हेच नशीब.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं आली. 1961 मध्ये बंगळुरात सिटिझनच्या मदतीने एचएमटी सुरू झाली, पण मागणी कितीतरी जास्त होती. मग सोन्याबरोबर घड्याळंही चोरवाटेने किनाऱ्याला लागू लागली. 1962 च्या कस्टम्स कायद्याचं कलम 123 वाचा: तस्करीच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायचं ज्याच्याकडे सापडलं त्याने. सोन्याच्या पंगतीत घड्याळ! आणि तो शब्द त्या कलमात अजूनही आहे.

नवं मिळणं इतकं अवघड, तेव्हा जुनंच टिकवायचं. पावसाळी दमटपणाने तबकडी काळवंडली की कारागीर ती खरवडून पुन्हा रंगवायचा. गिऱ्हाईकाला लखलखीत हवं असायचं, आणि त्यात फसवणूक काहीच नव्हती. फसवणूक पुढे सुरू झाली, जेव्हा तोच माल 'ओरिजिनल' म्हणून बाहेर विकला जाऊ लागला. माझा राग त्या विकणाऱ्यांवर आहे, भिंगातून काटे जुळवणाऱ्या कारागिरावर नाही.

ओळखायचं कसं? आकड्यांवरचं 'रेडियम' बघा. (आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण साठच्या दशकात त्याची जागा ट्रिटियमने घेतली.) अस्सल असेल तर ते पिवळसर, सायीच्या रंगाचं झालेलं असतं. तबकडीवरची अक्षरं बारीक, कडा धारदार. रंगवलेल्यात अक्षरं जाड आणि फुगलेली.

घरात आजोबांचं असं घड्याळ असेल तर फक्त मशीन साफ करून तेल घालायला द्या. तबकडीला हात लावू देऊ नका, केसला पॉलिश तर नकोच. आणि जुनी पावती सापडली तर ती घड्याळासोबतच ठेवा.