गारंबीच्या नावाची गोष्ट

आमच्या वर्गातल्या एका मुलाने परवा माझ्या टेबलावर एक बी आणून ठेवली. देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथल्या वाळूत त्याला ती सापडली होती. चपटी, गोलसर, तळहाताच्या खोलगट भागात मावेल एवढी. रंग तपकिरी आणि अंगावर तुकतुकी अशी, की जणू कुणी तेल लावून पुसून ठेवली आहे. "सर, ह्यां काय ओ?" त्याने विचारले. मी इतिहास शिकवणारा माणूस, पण ही बी माझ्या ओळखीची होती. "गारंबीची बी," मी म्हटले. त्यावर त्याचा दुसरा प्रश्न आला, "पण शास्त्रात हिचं नाव काय? आणि ते ठेवलं कुणी?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला अडवले. उत्तर शोधता शोधता मी शिवकाळात जाऊन पोचलो. ती हकिकत आज तुम्हांला सांगायची आहे.

आधी वेलीची ओळख करून घेऊ. गारंबी ही आपल्या सह्याद्रीच्या दाट रानातली एक अजस्र वेल. जुन्या वेलीचा बुंधा माणसाच्या मांडीसारखा जाड होतो आणि दोरखंडाला पीळ द्यावा तसा पिळवटलेला असतो. आधाराच्या झाडावरून ती थेट शेंड्याला जाते आणि या झाडावरून त्या झाडावर पसरते. पानांच्या टोकांना तणावे असतात. वेलीचे हे पकडणारे हात. फुले अगदी बारीक, फिकट पिवळसर, लांब तुऱ्यांत दाटीने येणारी. एवढ्याशा फुलातून जी शेंग धरते ती मात्र पाहणाऱ्याला थक्क करते. तीन-चार फूट लांब, कधी त्याहूनही मोठी! शेंगेला पेरे असतात आणि प्रत्येक पेरात एकच बी. शेंग पिकली की एकेक पेर सुटून खाली पडते आणि शेंगेच्या दोन कडांची रिकामी चौकट वर लोंबत राहते. बीच्या आत हवेची पोकळी असते, त्यामुळे ती पाण्यावर तरंगते. ओहोळातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून दर्यात, असा तिचा प्रवास. देवबागच्या वाळूत ती आली ती अशी.

आता नाव. शास्त्रज्ञ या वेलीला 'एंटाडा ऱ्हीडिआय' म्हणतात. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. आपण आडनाव आणि नाव सांगतो तसेच. हे शब्द परके वाटतात खरे. पण जरा उकलून पाहा. यातला 'एंटाडा' हा शब्द युरोपातला नाहीच. तो आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा, मलबारचा आहे. तिथल्या लोकांच्या तोंडचे हे नाव एका ग्रंथात उतरले आणि तिथून जगभर गेले.

तो ग्रंथ म्हणजे 'होर्तुस मलबारिकुस', मलबारची बाग. हेन्द्रिक व्हान ऱ्हीड हा डच सरदार १६७० ते १६७७ या काळात मलबारचा कमांडर होता आणि कोचीला राहत असे. आपल्या माणसांना औषधे युरोपातून मागवावी लागतात आणि ती तर या देशातच उगवतात, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने झाडपाला जाणणारी माणसे एकत्र केली, चित्रकार बसवले आणि एकेका वनस्पतीचे चित्र व वर्णन तयार करविले. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला या ग्रंथाचे बारा खंड निघाले. त्यांत सुमारे ७४० वनस्पती आहेत.

पण ऱ्हीडला स्वतःला या वनस्पतींची काय माहिती असणार? ती दिली इथल्या वैद्यांनी. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वंशपरंपरागत वैद्य त्यांतला प्रमुख. त्याच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट असे तिघे जण होते. हे तिघे कोकणी बोलणारे. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून जी कुटुंबे दक्षिणेला कोचीकडे गेली, त्या समाजातली ही माणसे. १६७५ साली त्यांनी आपल्या कामाबद्दल एक दाखला लिहून दिला. तो कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे आणि पहिल्या खंडात तसाच्या तसा छापला आहे. युरोपात छापल्या गेलेल्या जुन्या नागरी अक्षरांपैकी ती अक्षरे होत. पुष्कळ चित्रांवरही वनस्पतीचे नाव मलयाळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेले आहे. एकाने सांगायचे, दुसऱ्याने पोर्तुगीजमध्ये आणायचे, तिथून डचमध्ये आणि शेवटी लॅटिनमध्ये, अशी ती साखळी होती.

हे सारे कोणत्या काळात चालले होते, ते ध्यानात घ्या. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया १६६४ साली घातला गेला. ज्या वर्षी त्या वैद्यांनी दाखला लिहिला, त्याच्या आदल्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला होता. आणि डच लोक काही आपल्याला अनोळखी नव्हते. १६३७ पासून वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. गोव्याच्या पोर्तुगीजांना कोंडीत धरण्यासाठी त्यांना ती जागा सोयीची होती.

गारंबी या ग्रंथात दोन ठिकाणी येते. १६८८ साली निघालेल्या आठव्या खंडात ती 'पेरिम काकु वल्ली' या नावाने आहे. यातला 'वल्ली' शब्द तुम्ही ओळखलाच असेल. पुढच्या वर्षीच्या नवव्या खंडात 'एंटाडा' या नावाने वेगळे चित्र आहे. आज दोन्ही चित्रे याच वेलीची मानली जातात. ऱ्हीडला मात्र आपला ग्रंथ पुरा झालेला पाहायला मिळाला नाही. १६९१ साली कोचीहून सुरतेला जाताना मुंबईजवळच्या समुद्रात त्याला मरण आले. सुरतेला त्याची कबर आहे. म्हणजे त्याचे शेवटचे गलबत आपल्याच किनाऱ्यासमोरून गेले.

पुढची गोष्ट स्वीडनमधली. १७५३ साली कार्ल लिनियसने साऱ्या वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली. त्याने ऱ्हीडच्या चित्रावरून आपल्या वेलीला 'मिमोसा एंटाडा' म्हटले. मिमोसा म्हणजे लाजाळूचा वंश. केवढीशी ती लाजाळू आणि केवढी ही गारंबी! पण दोघी शेंगांच्याच कुळातल्या, एवढे नाते खरे. १७६३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आदाँसाँ याने गारंबीला लाजाळूपासून वेगळी काढून 'एंटाडा' हा स्वतंत्र वंश केला. आता पंचाईत अशी की लिनियसचे जातीचे नावही एंटाडाच. वनस्पतिशास्त्रात वंश आणि जात यांना एकच शब्द चालत नाही. 'एंटाडा एंटाडा' कसे म्हणणार? १८२५ साली जर्मनीतल्या कुर्ट श्प्रेंगेलने ऱ्हीडची आठवण ठेवून 'ऱ्हीडिआय' हा शब्द जोडला.

एवढ्यावर भागले असे समजू नका. लिनियसने 'चढणारी' या अर्थाचे 'स्कँडेन्स' असेही एक नाव दिले होते आणि एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी अमेरिकेच्या, आफ्रिकेच्या आणि आपल्या वेली त्या एकाच नावाखाली कोंबल्या. पुण्याच्या महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ काढला. त्यातही गारंबी 'स्कँडेन्स' म्हणूनच आहे. पुढे बारकाईने पाहिल्यावर कळले की अमेरिकेतल्या वेलीची शेंग स्क्रूसारखी वळते आणि बी हृदयाच्या आकाराची असते. आपली शेंग त्या मानाने सरळ, बी गोलसर. वेली वेगळ्या ठरल्या आणि 'ऱ्हीडिआय' हे नाव पुन्हा रूढ झाले.

आता तुम्ही म्हणाल, एका रानवेलीच्या नावासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला कारण आहे. या बीत साबणासारखा फेस देणारे द्रव्य असते. तिच्याने कुठे केस धूत, कुठे मासे गुंगवून धरीत. काही ठिकाणचे आदिवासी ती भाजून, पाण्यात पुष्कळ भिजवून, मग खात. कच्ची बी मात्र विषारी; मुलांना हे बजावून सांगा. अशा वस्तूच्या नावात घोटाळा झाला तर एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशात अपाय करील. नाव नेमके असणे ही पंडितांची हौस नव्हे, ती गरज आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक लागते. ऱ्हीडचे नाव वेलीला लागले. अच्युतन वैद्याचे आणि त्या तिघांचे लागले नाही. पण त्यांनी दाखला लिहून ठेवला, म्हणून ते आपल्याला माहीत तरी आहेत. आपल्या गावचे जे वैदू, जे गुराखी, ज्या म्हाताऱ्या आज रानातली प्रत्येक वेल नावाने ओळखतात, त्यांचे काय? ते कुणी लिहून घेतले आहे? लाकडाच्या झाडांना जाच होतो म्हणून मोठ्या वेली तोडण्याची रीत जंगलखात्यात फार जुनी. देवराया राखल्या गेल्या तिथे जुन्या वेली टिकल्या. राई गेली की वेल जाते, आणि वेल गेली की तिचे नाव घेणारे तोंडही मिटते.

म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. एक जाड वही घ्या. मुलांना सांगा, आजीला विचारा, गुराख्याला विचारा. वेलीचे नाव, ती कुठे आहे, कधी फुलते, कशाला वापरतात, हे लिहून आणा. आणि ज्याने सांगितले त्याचे नाव, तारखेसह, खाली लिहा. त्या तिघांनी १६७५ साली केले ते एवढेच.

ती बी मी मुलाला परत दिली. त्याने ती शाळेच्या कपाटात ठेवली आहे. खाली चिठ्ठी चिकटवली आहे: गारंबी, देवबाग; आणि पुढे स्वतःचे नाव.