तळटीप : वायुमापकाचे शून्य

१४. पळसदरीहून खोपोलीकडे जाणारा फाटा खालापूर तालुक्याच्या कारखानी पट्ट्यात उतरतो. इथे कामगारांच्या खिशाला अडकवलेल्या वायुमापकात बहुधा विद्युत-रासायनिक सेन्सर असतो. त्यातला आम्लद्रव कोरड्या उन्हाळ्यात आटतो, पावसाळी हवेत ओल शोषून घेतो. साधारण २-३ वर्षांत सेन्सर मंदावतो. खरा धोका हा, की निकामी सेन्सरही शून्यच दाखवतो आणि हवा शुद्ध आहे असे वाटते. म्हणून ठरावीक प्रमाणाचा वायू सोडून आकडा किती चढतो, आणि स्थिर आकड्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला किती सेकंद लागतात, हे तपासतात. आकडा थोडा घसरला असेल तर कॅलिब्रेशनने सुधारतो. वेळ लांबत चालली, तर सेन्सर बदलावाच. ही तपासणी पाळी सुरू होण्यापूर्वी रोज व्हावी.