बळीराज्याची जुनी साक्ष

दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना आमची आई म्हणायची, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ यातला पेच पुढे लक्षात आला. विष्णूने वामन होऊन ज्या बळीला पाताळात घातले, त्या असुराचे राज्य विष्णूला पूजणाऱ्या घरात का मागावे?

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याचे उत्तर दिले. बळी हा इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा, वामन बाहेरून आलेल्यांचा पुढारी आणि बायकांच्या तोंडचे हे मागणे म्हणजे गेलेल्या राज्याची आठवण. बळीराज्याची ही ओढ फुल्यांनीच सणावर लादली, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला. एका व्याख्यानात तो मी स्वतःही मांडला होता.

पुढे अल्बेरुनीचा ग्रंथ हाती आला. इ. स. १०३०च्या सुमारास अरबीत लिहिलेल्या या ग्रंथात हिंदूंच्या सणांवर एक प्रकरण आहे. त्यात दिवाळीचे स्नान, ठेवणीतले कपडे, विड्याची पाने-सुपारी देणे, रात्रीचे दिवे हे सारे येते. कारण सांगताना मात्र तो रामाचे नाव घेत नाही, नरकासुराचेही नाही. विरोचनाचा मुलगा बळी पाताळात बंदिवान आहे. वर्षातून एकदा, या दिवशी, लक्ष्मी त्याला मोकळे करून पृथ्वीवर येऊ देते, म्हणून सणाचे नाव ‘बळीराज्य’. कृतयुगातला तो काळ भाग्याचा होता आणि हा दिवस त्या काळासारखा, म्हणून लोक आनंद करतात, असे तो नोंदवतो.

साक्षीची मर्यादाही सांगितली पाहिजे. अल्बेरुनीचा वावर वायव्येकडचा. महाराष्ट्रातला पाडवा त्याने पाहिलेला नाही. बळी इथला आणि वामन परका, असेही तो म्हणत नाही. पण ही समजूत एका प्रांतापुरती नव्हती. पाच रंगांनी बळीचे चित्र काढून त्याची पूजा करावी, असे भविष्योत्तर पुराण सांगते. केरळात ओणमला महाबळी प्रजेला भेटायला येतो, तेही त्याच्या सुखाच्या राज्याची आठवण म्हणूनच.

तेव्हा बळीचा काळ चांगला होता, ही धारणा ‘गुलामगिरी’च्या आधी आठशेहून अधिक वर्षे कागदावर होती. ते राज्य कोणाचे होते आणि कोणी हिरावले, हा अर्थ फुल्यांचा. त्यावर वाद जरूर घालावा. पण सणात बळी त्यांनी आणला नाही. माझ्या व्याख्यानातले ते विधान मी इथे मागे घेतो.