मुकादमाला डिग्री कशाला?

परभणीत एखादी मुलगी मनुष्यबळ व्यवस्थापन घेऊन एमबीए करते म्हणाली, की जाणती माणसे तीन आक्षेप घेतात. माणसे सांभाळणे ही अनुभवाची गोष्ट, पुस्तकाची नव्हे. हा विषय अमेरिकेतून आलेला, बड्या कंपन्यांच्या कामाचा. आणि आपल्याकडे कंपन्या आहेतच कुठे? जिनिंग, मोंढा, साखर कारखाने, एसटीचे आगार, कृषी विद्यापीठ. शिकून शेवटी पुण्यालाच जायचे ना?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो इतिहासालाच धरून नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगार भरायचा तो जॉबर, आणि बायकांच्या खात्यात नायकीण. नोकरी देणे, काढणे, कर्ज देणे, दस्तुरी घेणे, सगळे त्याच्या हातात. मालकाला कामगाराचे तोंडही ठाऊक नसे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात म्हटले की भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढावा आणि त्यासाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावा. मुंबईत १९३४च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. कामगार कल्याण आणि पुढे कर्मचारी व्यवस्थापन हे विषय तिथे रुजले. १९४८च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. म्हणजे आपल्याकडे या विद्येचे एक मोठे मूळ जॉबरच्या मनमानीत आहे. हार्वर्डचे धडे इथे नंतर आले.

आता तिसरा आक्षेप. जॉबर गिरणीतून गेला, ऊसतोडीचा मुकादम परभणीतून गेलेला नाही. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडच्या गावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे उचल, खाडा पडला की दंड, आणि हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. कारखान्याच्या हजेरीपटावर या माणसाचे नाव नसते. करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. भरती, वेतन, प्रोत्साहन, शिस्त, गटाचे नेतृत्व, तक्रार निवारण हे अभ्यासक्रमातले सगळे धडे एका कोपीच्या दाराशी उभे आहेत. कंपनी नाही म्हणून विषय नाही, हे म्हणणे फाटकावरची पाटी पाहून केलेले आहे.

राहिला पहिला आक्षेप, आणि खरे बळ त्यातच आहे. मुकादमाला माणसांची पारख असते, हे मी नाकारत नाही. कोण उचल घेऊन पळेल, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाच्या हाताला वेग आहे, हे तो एमबीएवाल्यापेक्षा कितीतरी नेमके सांगेल. पण अनुभव एका व्यवस्थेच्या आतला असतो. तीच माणसे, तेच काम, पण रचना वेगळी ठेवली तर काय होईल, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मुद्दाम तुलना करावी लागते. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली ए. के. राइस या इंग्रज अभ्यासकाने ती केली. नवे स्वयंचलित माग आले होते, कामाची बारीक बारीक वाटणी झाली होती, आणि उत्पादन काही वाढत नव्हते. त्याने सुचवले की ठरावीक माग एका छोट्या गटाकडे पूर्णपणे सोपवावेत. कामगारांनी ते उचलून धरले आणि गट स्वतःच जुळवले. उत्पादन वाढले, कापडातली खराबी घटली. मुरलेल्या मुकादमांना आणि मास्तरांना हे का सुचले नव्हते? त्यांचा अनुभव कमी नव्हता, तो वाटून दिलेल्या कामाचाच होता. (सतरा वर्षांनी पाहणी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी ही पद्धत विरून गेली होती. ते का झाले, हाही याच विद्येचा प्रश्न.)

एक मात्र विरोधकांना द्यावेच लागेल. वर्गात शिकवतात ते बरेचदा निष्प्राण असते. मॅस्लोचा पिरॅमिड पोरे पाठ करतात; मॅस्लोने १९४३च्या लेखात तो काढलाच नव्हता आणि गरजांची ती उतरंड पुराव्याने फारशी सिद्धही झालेली नाही, हे कोणी सांगत नाही. प्रकल्प म्हणून एखाद्या बँक शाखेत 'कर्मचारी समाधान' या नावाची प्रश्नावली भरून घेतात, आणि सगळे समाधानी निघतात! पण वैद्य वाईट म्हणून वैद्यक खोटे ठरत नाही. शिवाय परभणीच्याच कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण पदव्युत्तर पातळीवर शिकवले जाते; शेतकरी नवे वाण का घेतो, का टाळतो, गावात कोणाचा शब्द चालतो, याचा अभ्यास तिथे चालतो. त्याला कोणी परकी थेरे म्हणत नाही.

आता फडात तोडणी यंत्रे येऊ लागली आहेत. टोळीचे काय होणार, यावर चर्चा मजुरीपुरती होते. पण ब्रिटनच्या कोळसाखाणीत यंत्र आल्यावर एकमेकांना सांभाळून घेणारे छोटे गट मोडले, गैरहजेरी वाढली, आणि अपेक्षित उत्पादन हाती आले नाही. ट्रिस्ट आणि बॅमफर्थ यांनी १९५१ साली ते दाखवून दिले. यातला बॅमफर्थ आधी स्वतः खाणकामगार होता. अनुभव आणि अभ्यास यांत भांडण लावणाऱ्यांनी त्याला कोणत्या बाजूला बसवायचे ते ठरवावे.

यावरही कोणी म्हणेल की फडात मुकादम अभ्यासाला आलेल्या बाहेरच्याला उभे करणार नाही. बाहेरच्याला नाहीच करणार. पण परभणी-गंगाखेडच्या महाविद्यालयांत तोडणीला जाणाऱ्या घरांतली पोरे बसतात. दिवाळीनंतर आईबाप कोणाच्या टोळीत गेले, उचल किती घेतली आणि किती फिटली, हे त्यांना विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.