जुलूम

सत्तेच्या किंवा बळाच्या जोरावर केलेला अन्याय, छळ. मूळ अरबी ‘ज़ुल्म’. फारसीच्या वाटेने मराठीत रुळला. जुने अरबी कोशकार त्याचा अर्थ ‘वस्तू तिच्या जागी न ठेवणे’ असा देतात. म्हणजे मुळात मारझोडीपेक्षा हक्काची जागा हिरावण्याकडे रोख. मराठीत मात्र सक्तीची छटा ठळक झाली. मनात नसताना, नाइलाजाने केलेला नमस्कार तो ‘जुलमाचा रामराम’. याच धातूतला ‘ज़ालिम’ म्हणजे जुलमी. पण मराठीत ‘जालीम’ औषधाला चिकटला आणि चक्क गुणकारी ठरला! जवळच्या अर्थाच्या ‘दडपशाही’ची घडण निराळी: मराठी ‘दडपणे’ला फारसी ‘शाही’चे शेपूट. इंग्रजी ‘ऑप्रेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदातही दाबण्याचाच अर्थ आहे. जुलूम सोसणाऱ्यांसाठी रूढ झालेला ‘दलित’ संस्कृत ‘दल्’वरून: फुटणे, चिरडणे.